दामू मिस्त्रींचा तळहात

वैशाखातल्या दुपारी आमच्या तळघराच्या झरोक्यातून उन्हाची एक पट्टी उतरते आणि तासभर भिंतीवर रेंगाळते. त्या पट्टीत मला आजही दामू मिस्त्रींचा तळहात दिसतो. रुंद, चुन्या-सिमेंटनं खाल्लेला, पेरांत पांढुरक्या भेगा पडलेला, आणि तरीही भिंतीवर टेकताना तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा इतका हळुवार. मिस्त्री डोळे मिटायचे, मान किंचित कलती करायचे, श्वास धरून ठेवायचे. मग वीतभर पुढे सरकायचे आणि पुन्हा तेच. तेवढ्या वेळात आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे, स्वयंपाकघरातला मिक्सरसुद्धा बंद असे.

गंगापूर रोडला दुतर्फा द्राक्षांचे मळे होते, त्या काळात सासऱ्यांनी हे घर बांधलं. पाया काळ्या दगडाचा, आणि त्या दगडांच्या दरजा भरणाऱ्यांत विशीतले दामू मिस्त्री होते. इथली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून दर काही वर्षांनी तळघराला ओल यायची आणि मिस्त्री यायचे. बाहेरून पायालगत चर खणायचे, जुन्या दरजा खरवडून नव्या भरायचे, वर औषध मिसळलेल्या सिमेंटचे दोन हात द्यायचे. काम तिथं संपत नसे. चर बुजवण्याआधी त्यात काठोकाठ पाणी सोडून ते तीन दिवस तुंबवायचे, आणि चौथ्या दिवशी तळघरात उतरून हातानं भिंतीची परीक्षा घ्यायचे. तो हात कोरडी म्हणाला की कोरडी. पुढे चार महिने पावसाची काही बोलायची टाप नसे.

तळघर खरं म्हणजे अरविंदचं, माझ्या नवऱ्याचं. तो सातपूरच्या एका कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग काढायचा आणि कामावरून आला की खालच्या गारव्यात बसून शाईच्या पेनानं डायरी लिहायचा. अकरा वर्षांपूर्वी तो गेला, तेव्हा खालच्या लोखंडी कपाटात अडतीस डायऱ्या होत्या. मी त्या एकदम वाचल्या नाहीत. वर्षाला एक, क्रमानं, अशी शिस्त लावून घेतली. हावरटासारखं त्याला वाचून संपवलं तर पुन्हा एकदा विधवा होईन अशी भीती होती. वाचून झालेली डायरी वर माझ्या कपाटात यायची, न वाचलेल्या खाली त्याच्या जागी राहायच्या.

बाराव्या डायरीकडे मात्र मी डोळे लावून बसले होते. त्या वर्षी अरविंद माझ्याशी सहा महिने जेवणापुरतंच बोलला होता. का, ते मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. मग एका सकाळी तो पूर्वीसारखा हसला आणि संसार पुढे चालू लागला. माझं काय चुकलं होतं, की मुळात माझा त्यात संबंधच नव्हता, एवढंच मला हवं होतं, आणि ते त्या डायरीत असणार होतं. मध्येच उडी मारून मी ते कधीच वाचू शकले असते. पण माणसाला त्याच्या क्रमानं भेटावं, असं मला वाटायचं. आता या शहाणपणाचा संताप येतो.

गेल्या वर्षी उत्तरेच्या भिंतीवर ओल दिसली, तेव्हा मी खालच्या सगळ्या डायऱ्या वर आणल्या. "आई, आता मशीन निघालंय," माझा मुलगा नितीन म्हणाला. "भिंतीला लावलं की ओल किती ते आकड्यात सांगतं. अंबडला माझ्या ओळखीचा एक जण आहे."

"मिस्त्रींचा हात असताना मशीन कशाला?" मी जरा तोऱ्यातच म्हटलं. "आकडे तुला लखलाभ."

यंदाच्या वैशाखात मिस्त्री आले. सत्तरी केव्हाच उलटलेली, त्यामुळे खणायला दुसरी माणसं होती आणि ते कडुलिंबाच्या सावलीत बसून नुसतं सांगत होते. चर भरला, तीन दिवस गेले, चौथ्या दिवशी ते तळघरात उतरले. मी पायरीवर उभी होते. तेच मिटलेले डोळे, तीच कलती मान, भिंतीशी चाललेलं तेच नि:शब्द संभाषण. शेवटच्या कोपऱ्याशी थांबून ते म्हणाले, "कोरडी हाय, वहिनी. सायबांच्या वह्या आना खाली. बिनघोर ऱ्हावा." गुडघे कुरकुरत असताना चार खेपा करून मी त्या खाली नेल्या.

श्रावणात तळघरातून कुबट वास येऊ लागला. वायरमननं ओलीच्या भीतीनं खालची वीजच तोडली. मी बॅटरी घेऊन उतरले, कपाट उघडलं, आणि हाताला डायऱ्यांऐवजी फुगलेले, जड, थंडगार गठ्ठे लागले. ते वर आणून पंख्याखाली चादरीवर मांडले. पानं चिकटली होती, उघडायचा धीर झाला नाही. मिस्त्रींना निरोप धाडला तो फक्त येऊन बघा एवढाच. कुठंतरी पाइप फुटला असेल, शेजारचं गटार तुंबलं असेल, माझं मन अजून त्यांचीच बाजू घेऊन भांडत होतं.

खाली झरोक्याचा तेवढा मळकट उजेड होता. जिन्यावरून सरळ आत येऊन त्यांनी सवयीनं डोळे मिटले आणि उत्तरेच्या भिंतीवर हात टेकला. भिंतीवरून पाणी ओघळत होतं. ते त्यांच्या मनगटावर आलं, बाहीत शिरलं, कोपरावरून ठिबकू लागलं. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "कोरडीच हाय की, वहिनी."

फरशीवर थेंब टपटपू लागले, तसे त्यांनी डोळे उघडले, भिजलेल्या बाहीकडे पाहिलं आणि हात हळूच मागे घेतला.

"दोन वर्सं झाली," ते म्हणाले. "हाताला काय बी कळत नाय. गार नाय, गरम नाय."

"मग वैशाखात शब्द दिलात, तो कशावर?"

"हात गेला म्हनलो असतो तर बोलावलं असतं का मला कुनी? तुमी तरी?"

"बोलावलं असतं," मी म्हटलं. "चहा पाजला असता. आणि भिंत मशीनला दाखवली असती."

ते मान खाली घालून पायऱ्या चढून गेले. मी अडवलं नाही.

ज्या हातावर उभं आयुष्य तोललं, तोच हात मुका झाल्यावर माणूस काय करील, हे मला समजतं, कीवही येते. पण त्यानं माझा राग कमी होत नाही. मला सगळ्यात जास्त लागतात ते वैशाखातले त्यांचे मिटलेले डोळे. हाताला काही कळत नव्हतं, तर डोळे मिटले कशासाठी? पायरीवर श्वास धरून उभ्या असलेल्या माझ्यासाठी. विश्वास कसा दिसतो ते त्यांना पाठ होतं, आणि तेवढंच त्यांनी मला दाखवलं.

ते गेल्यावर मी बारावी डायरी उघडली. सुरीच्या पात्यानं एकेक पान सोडवलं. वरच्या छापील तारखा, वार, तिथी सगळं शाबूत होतं. खाली अरविंदच्या अक्षरांच्या जागी फिकट निळं पाणी पसरून वाळलं होतं. त्या सहा महिन्यांतला एकेक दिवस माझ्यासमोर होता, तो त्या दिवशी माझ्याविषयी काय म्हणत होता तेवढं नव्हतं. वाचलेला अरविंद माझ्या आठवणीत आहे, तो कालांतरानं पुसट होईल. पण जे कधी कळलंच नाही, ते विसरायचं कसं, हे काळालाही मला शिकवता येणार नाही.