चराच्या पलीकडची ओक्बुन

सोल शहर आमच्या गावाकडे पसरत यायला लागलं, तेव्हा त्याला अडवायला सरकारने नकाशावर एक रेघ ओढली. रेघेच्या आत फक्त शेती करायची, नवं घर बांधायचं नाही. ती रेघ नेमकी माझ्या आणि ओक्बुनच्या रानामधल्या चरावरून गेली. तिचं मुळ्याचं रान रेघेबाहेर राहिलं, माझं कोबीचं रान रेघेच्या आत, हरित पट्ट्यात गेलं.

आम्ही दोघी एकाच वर्षी या गावात सुना म्हणून आलो होतो. तीन वर्षांत तिच्या रानात बारा मजली इमारती उठल्या आणि ती त्यातल्याच एकीत दहाव्या मजल्यावर राहायला गेली. मला मात्र गोठ्याचे पत्रे बदलायलाही अर्ज करावा लागायचा, आणि तो नामंजूर व्हायचा. दुपारनंतर इमारतींची सावली माझ्या रानावर पडायची. कोबी गड्डा धरेना. नवरा सावलीला शिव्या घालायचा. मी वर ओक्बुनच्या खिडकीकडे बघत राहायचे.

एका वसंतात ती आली. अंगात नवा कोट, केस कुरळे केलेले.

"योंगसूची आई, एक काम होतं गं. माझे तीन रांजण तुझ्या अंगणात ठेवू?"

"एवढ्या मोठ्या घरात जागा नाही होय?"

"गॅलरीत ठेवले होते. शेजारणी नाकं मुरडतात, वास येतो म्हणे. आणि तिथे ऊनही धड लागत नाही. सासूबाईंच्या हातचा सोयाबीनचा खारा रस आहे, एकवीस वर्षं मुरलेला. टाकवत नाही बाई."

"ठेव की. आमच्याकडे अंगणाशिवाय दुसरं आहेच काय!"

टोमणा तिला कळला. तरी तिने माझा हात दाबला.

ऊन असेल तेव्हा झाकणं काढायची, ऊन उतरलं की लावायची, एवढंच माझं काम. जुलैत एका दुपारी आभाळ भरून आलं. मी ओसरीवर मिरच्या निवडत होते. माझे रांजण झाकलेले होते, तिचे उघडे. पहिले टपोरे थेंब पडले, मग सर आली. दहा पावलांचं अंतर. मी उठले नाही. तिन्ही रांजण भरून वाहायला लागेपर्यंत मिरच्यांचे देठ तोडत बसले.

पंधरवड्याने ओक्बुन आली. झाकण उचललं. वर बुरशीचा थर, त्यात अळ्या.

"वाऱ्याने उडाली होती का गं झाकणं?"

हो म्हटलं असतं, तर तिथेच मिटलं असतं.

"नाही. उघडीच होती. मी इथेच बसले होते."

"आणि उठली नाहीस?"

"नाही."

"का?"

"तू वर गेलीस म्हणून."

"मी ओढली होती ती रेघ? नकाशावाल्याची मानगूट धरायची होतीस! माझ्या सासूने काय केलं होतं तुझं?"

मी मदतीला हात पुढे केला, तो तिने झटकला. एकेक रांजण एकटीने बुडाच्या कडेवर फिरवत चरापर्यंत नेला आणि ओतला. चराचं पाणी काळं झालं. रिकामे रांजण तिथेच सोडून ती गेली. मी ते धुऊन परत अंगणात मांडले.

त्या हिवाळ्यात मी दुप्पट सोयाबीन शिजवलं. कुटून त्याच्या विटा थापल्या, आंबायला पेंढ्याने बांधून छताला टांगल्या; याच विटा मिठाच्या पाण्यात मुरल्या की तो रस होतो. वसंतात त्यातल्या निम्म्या डोक्यावर घेऊन पहिल्यांदाच तिच्या दाराशी गेले.

"लिफ्टने आलीस?"

"जिन्याने."

"वेडी आहेस." तिने एक वीट नाकाशी नेली. "बरी आंबलीय. रांजण तुझ्याच अंगणात राहू देत. पण झाकणं मी लावणार. रोज येणार."

"ये."

आत ये म्हणाली नाही. दाराच्या फटीतून तिचं स्वयंपाकघर दिसलं. नळाखाली भांडी होती आणि नळातून चक्क वाफाळतं पाणी येत होतं. माझ्या घरी कोळशावर किटली ठेवल्याशिवाय पाण्यात बोट बुडवता येत नाही. काळजात काहीतरी टोचलं. दहा मजले उतरले, तरी ते टोचणं थांबलं नव्हतं.