हळदीचं बोट

मोशीच्या त्या घरात थोरल्या सुनेच्या, मंजुषाच्या, कपाटात साड्यांखाली तिनं जमवलेली, खास प्रसंगी निघणारी पोस्टाची पाकिटं होती. प्रत्येकावर तिकीट आणि तिकिटावर एकाच दिवसापुरता काढलेला शिक्का. तो दिवस टळला की साक्षात पोस्टमास्तरही तो शिक्का देऊ शकत नाही. म्हणून राज्याच्या वर्धापनदिनी, एक मेला, ती चिंचवडच्या सभागृहाबाहेर पोस्टाच्या रांगेत डोक्यावर पदर घेऊन उन्हात उभी राहिली. पुढंमागं सगळे पेन्शनर. पाकीट हाती आलं तेव्हा शिक्क्याची शाई ओली होती. तान्ह्या लेकराला आणावं तसं तिनं ते बसमधून घरी आणलं.

सासरे मारुतराव म्हणाले, "पत्र कुनाचं आलं?" सगळे हसले. मंजुषाही हसली. लग्न झाल्यापासून ती या हसण्यात सामील होत आली होती.

आठवड्याभरात धाकट्या जावेचं, करिष्माचं, नाणं आलं. करिष्मा ताथवड्याच्या कॉलेजात शिकवायची. हा नाद तिला मंजुषानंच लावलेला. नाणं कडेनं धरावं, अंगाला बोट लावू नये, असलं नाणं कधी पुसूसुद्धा नये, हे धडे थोरलीचेच. पण धाकटीनं घरबसल्या मागवलं थेट वर्धापनदिनाचं चांदीचं नाणं. मखमली पेटी, आत पारदर्शक डबी, आणि डबीत असा लखलखाट की तोंड बघून घ्यावं. करिष्माचा नवरा रणजीत त्याचा व्हिडिओ काढत बसला. मारुतरावांनी गल्ली गोळा केली. सरकारनं जणू सुनेला मेडलच दिलं होतं.

मंजुषानं सगळ्यांना चहा केला. मत्सर काही ढोल बडवत येत नाही. दुधात मिठाचा खडा पडावा तसा तो पडतो. दूध दिसायला दूधच असतं, उकळी आली की फाटतं.

उकळी आली शुक्रवारी. करिष्मा कॉलेजात होती. सासूबाई, सोजराबाई, देव घासायला बसल्या होत्या. त्यांनी शोकेसमधली पेटी आणली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभ्या राहिल्या.

"मंजे, घरात चांदी आली नि अजून तिला हळदकुकू न्हाई. ह्यो रुपाया देवात ठेवते म्हनलं. तुला त्यातलं कळतंय म्हून इच्यारते. चालंल न्हवं?"

मेथी निवडता निवडता मंजुषाचा हात थांबला. एक 'नको' पुरला असता. आत्याबाई, रांगोळीनं घासलं तर चरे पडतील, हळद अक्षरांत बसेल, आणि गेलेली झळाळी जन्मात परत यायची नाही. एवढं सगळं तिच्या जिभेवर आलं आणि तिनं ते गिळलं.

"चालंल की आत्याबाई," ती म्हणाली. "लक्ष्मीच हाय ती."

वर उठून करंडाही तिनंच काढून दिला.

सोजराबाईंनी डबी उघडली, रांगोळीची चिमूट घेतली आणि घासता घासता गुणगुणू लागल्या:

दोन माझ्या सुना, एका घागरीचं पानी
थोरलीनं शिकविलं, धाकली झाली शानी

आत मंजुषाला करकर ऐकू येत होती. बरं वाटेल असं तिला वाटलं होतं. वाटलंही, फोडणीत मोहरी तडतडून थांबते, तेवढा वेळ.

संध्याकाळी करिष्मा आली. रिकामी पेटी तिच्या हातात देऊन सासूबाईंनी तिला कौतुकानं देव्हाऱ्याशी नेलं. नाणं देवांत बसलं होतं, कपाळभर हळद लेवून. झळाळीच्या जागी घासलेल्या भांड्याची पुसट चमक. रणजीत भडकला, आईला नाही नाही ते बोलला. म्हातारी बावरून गेली.

"म्या काय येडी हाय व्हय रं? थोरलीला इच्यारलं. ती म्हनली चालंल. करंडाबी तिनंच दिला."

करिष्मानं वळून थोरल्या जावेकडं बघितलं. मंजुषानं दुपारपासून उत्तर घोळवून ठेवलं होतं, माझं लक्ष नव्हतं गं म्हणून. ते कुणी मागितलंच नाही.

"ताई म्हणाल्या ना, मग चालत असणार," करिष्मा म्हणाली. "मला तरी त्यांनीच शिकवलंय." आणि पदर नसलेल्या डोक्यावर ओढणी घेऊन तिनं त्या नाण्याला हात जोडले.

त्या दिवसापासून सोजराबाई नाण्याला शिवेनात. "तुला कळतंय, तूच पूस बाई," म्हणून ते काम थोरलीकडं आलं. रोज सकाळी मंजुषा ते कडेनं धरते, ओल्या कापसानं टिपते. अक्षरांच्या खाचांतला पिवळेपणा काही निघत नाही. मागून करिष्मा बॅग घेऊन जाते. पूर्वी घटकाभर थांबायची, हे काय नि ते कसं म्हणून भंडावून सोडायची. आता नुसतं, "येते ताई."

जूनमध्ये पोस्टाचं नवं पाकीट निघणार असल्याचं पेपरात आलं. मंजुषानं धीर करून विचारलं, "रांगेत जाणारच हाय मी. तुला आणू का एक?"

"नको ताई, मी दुसरंच काही मागवलंय."

"शोकेसमधी जागा करू मग?"

"कॉलेजातच ठेवीन. तिथं माझ्या टेबलाला कुलूप आहे."

रागानं नाही, बसची वेळ सांगावी तसं म्हणाली, चपला घातल्या आणि गेली. मंजुषा हातात कापूस घेऊन दाराशी उभी राहिली. डोळे भरून आले होते, आणि भरल्या डोळ्यांनीही तिच्या मनात आलं, काय बरं मागवलं असेल हिनं?