अण्णांची फसवी बदकं

सिद्धलिंगआप्पांचं गेवराईच्या बाजारात कापडाचं दुकान. थोरले भाऊ संगमेश्वर, म्हणजे घरातले अण्णा, अमेरिकेत डॉक्टर होते. सगळी उमर मेरीलँडला गेली आणि परवाच्या पावसाळ्यात ते तिथंच वारले. दिवाळीनंतर त्यांच्या मुलीनं, वर्षाराणीनं, एक मोठं खोकं पाठवलं. आत कागदात गुंडाळलेली लाकडी बदकं निघाली. रंग उडालेली, एकाची चोच झिजलेली, सगळ्यांच्या पोटाला शिशाची पट्टी ठोकलेली.

अण्णांना जुन्या वस्तू जमवायचा नाद आहे, एवढंच घरात माहीत होतं. आप्पांच्या बायकोनं, शांतादेवींनी, बदकं देवघरापुढच्या फळीवर मांडली. एकाला पुसताना त्यांच्या बोटाला लाकडात रुतलेलं काहीतरी टोचलं. त्यांनी सुईनं उकरलं तर ज्वारीच्या दाण्याएवढा बंदुकीचा छर्रा हातात आला.

आप्पांनी लगेच वर्षाराणीला व्हिडिओ कॉल लावून छर्रा दाखवला.

"काकू, धुवू नका हं त्यांना! जुना रंग तसाच राहायला हवा," काकूंच्या हातातलं फडकं पाहून ती आधी ओरडलीच. मग हळू आवाजात म्हणाली, "शिकारीची आहेत ती. पाण्यात सोडायची. वरून उडणाऱ्या बदकांना वाटतं, खाली आपलेच आहेत. ती उतरली की शिकारी बार काढायचे. तिकडच्या मासेमारांनी, सुतारांनी घरी बसून केलेली. आता लोक ती लोककला म्हणून जमवतात. बाबा सुट्टीच्या दिवशी गावोगाव हिंडायचे. नुसत्या मानेच्या बाकावरून कुणी कोरलंय ते सांगायचे."

"अगं, पण आपण लिंगायत!" आप्पा म्हणाले. "अण्णांनी जन्मात अंडं खाल्लं न्हाई."

"मी पण विचारलं होतं, काका. नुसते हसायचे. तुम्हाला नको असतील तर परत पाठवा. इथलं संग्रहालय घ्यायला तयार आहे."

फोन ठेवल्यावर शांतादेवींनी बदकं देवापासून उचलून ओसरीत नेली. "जीव घ्यायची हत्यारं ती. अण्णांना कळत नव्हतं व्हय?"

आप्पा मनात तेच घोळवत राहिले. मुंग्यांच्या वारुळाला साखर घालणारा आपला भाऊ. त्याला यात काय दिसलं असेल? की आपल्याला ठाऊक होता तो भाऊ निराळाच होता? दुकानात गिऱ्हाईक साडीचा भाव विचारी आणि आप्पा धोतराचा सांगत.

शेवटी एका सकाळी त्यांनी चोच झिजलेलं बदक पिशवीत घातलं आणि स्कूटरवरून गोदावरीचा काठ गाठला. थंडीची रानबदकं पाण्यात पसरली होती. ओळखीचा मासेमार ज्ञानोबा हवा भरलेल्या ट्यूबवर बसून जाळं काढत होता. आप्पांनी बदक पाण्यात सोडलं. ते जरा डुललं, सरळ झालं आणि प्रवाहाबरोबर निघालं. लाकडाचं आहे हे आप्पांनाच पटेना.

ते बाभळीआड उकिडवे बसले. थोड्या वेळानं वरून एक थवा वळला. खाली आला, पुन्हा वर गेला. 'या, या,' आप्पा ओठातल्या ओठात म्हणत होते. दोन बदकं पाय पुढं करून लाकडी बदकाच्या शेजारी उतरली आणि आप्पांच्या अंगावर सर्रकन काटा आला. आनंदानंच. दुसऱ्या क्षणी आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. ते ताडकन उठले आणि उपरणं हलवत ओरडले, "हुऽऽ! उडा! उडा!"

सगळी नदी फडफडली.

"आप्पा, कावून उडवायले?" ज्ञानोबा हसत होता. "हितं बंदूक कुणाकडं हाय?"

खरंच, कुणाकडंच नव्हती. आप्पा ओशाळले. तोवर लाकडी बदक पार लांब गेलं होतं. ते चपलांसकट गुडघाभर पाण्यात शिरले, पण हात पुरेना. ज्ञानोबानं ट्यूब वल्हवत नेऊन ते आणून दिलं.

"लई झ्याक केलंय," तो बदक उलटंपालटं करत म्हणाला. "मलाबी खरं वाटलं. कुणाचं हाय?"

"भावाचं," आप्पा म्हणाले आणि उपरण्यानं डोळे पुसू लागले. अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हाही ते रडले नव्हते.

घरी आल्यावर शांतादेवींनी ओलं धोतर पाहिलं आणि कोरडं काढून दिलं. जेवताना म्हणाल्या, "मग, धाडायची का परत?"

"न्हाई. ठिवायची."

"कावून पण?"

आप्पा भाकरी कुस्करू लागले. नदीवर क्षणभर जे वाटलं ते अण्णांनाही वाटत असेल का? आणि वाटत असेल तर ते चांगलं की वाईट?

"मला न्हाई सांगता येत," ते म्हणाले.

"मग घरात नको," शांतादेवी म्हणाल्या. पण संध्याकाळी त्यांनीच बदकं एकेक करून जुन्या मऊ लुगड्यात बांधून दिली. आप्पांनी ती दुकानात, शर्टपीसच्या वरच्या फळीवर मांडली. गिऱ्हाइकं मान वर करून विचारतात, हे काय आणि कशाला. आप्पा सांगायला तोंड उघडतात, थांबतात, आणि कापड मोजू लागतात.