एक्कावन्न मणी

परीक्षानळीतलं निळं द्रावण उकळलं, हिरवं झालं, पिवळं झालं आणि बेबीनंदा स्पिरिटच्या दिव्यावर टोपण ठेवणार तेवढ्यात विटकरी झालं. सलग चौथा दिवस. सारिकाच्या लघवीत एवढी साखर गेल्या वर्षभरात कधी उतरली नव्हती.

बी.एस्सी.ला असताना जालन्याच्या कॉलेजात असल्याच प्रयोगांनी तिनं वही भरली होती. तेव्हा रंग बदलला की मार्क मिळायचे. आता तोच रंग नको असायचा. सात वर्षांची पोर बाजेवर पडून होती. सकाळपासून तिसरा तांब्या संपवला होता तिनं, आणि फ्रॉकचा गळा खांद्यावरून घसरत होता.

"आई, अजून पाणी."

पाणी पाजून बेबीनंदा स्वयंपाकघराच्या दारात गेली. सासूबाई, द्वारकाबाई, पाटावर बसून आंबे पिळत होत्या.

"आत्या, खरं सांगा. सारिकाला रस दिला का?"

"न्हाई."

"चार दिवस साखर वाढून राह्यली. सुई मी एकदाही चुकले नाही. भाकर मापून देते. मग येते कुठून?"

"कुठून येती ते तुझ्या त्या नळीला विचार." द्वारकाबाईंनी कोय परातीत आपटली. "पोर दारात हुबी ऱ्हाऊन रसाकडं बघती तवा माझा जीव तुटतो. तरी पाठ फिरवून बसते मी. आन तू मला चोर ठरवायली?"

"चोर नाही म्हणले मी."

"मंग काय म्हणलीस? शिकलीस म्हणून आमी खोटे व्हय गं?"

हात तसेच बरबटलेले ठेवून त्या उठल्या आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या. बेबीनंदाचा विश्वास बसला नाही. आजीचा जीव तो. एखादी वाटी दिली असेल, आणि आता कबूल करायची सोय राहिली नसेल.

वर्षापूर्वी सारिकाला साखरेचा आजार निघाला तेव्हा जालन्याच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून इन्सुलिन समजावलं होतं. दोन लहान माळा, आडव्या दोऱ्यांनी एकमेकींना बांधलेल्या. एका माळेत अमिनो आम्लांचे एकवीस मणी, दुसरीत तीस. एवढ्या एक्कावन्न मण्यांवाचून पोर जगत नाही. सुरुवातीचं औषध गाईच्या स्वादुपिंडातून काढलेलं होतं. हे तिनं घरात कधी सांगितलं नाही. त्यानं सारिकाच्या मांडीला खड्डे पडायला लागले, म्हणून तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी नवीन दिलं. माणसाच्या अंगात असते हुबेहूब तीच माळ, पण जंतूंकडून करून घेतलेली. डॉक्टर खुशीत होते. बेबीनंदाला मात्र महिनाभर झोप लागली नव्हती. जंतूंनी एखादा मणी चुकीचा ओवला तर? पण सुरुवातीच्या बाटल्या सुरळीत गेल्या. नळी निळी, फार तर हिरवी.

घरात फ्रिज नव्हता. चालू बाटली माठाशेजारी ओल्या वाळूत असायची. ऊन वाढल्यावर जास्तीच्या तीन बाटल्या तिनं वडीगोद्रीच्या फाट्यावरच्या फकरोद्दीनचाचांकडं, त्यांच्या सोडा-लस्सीच्या दुकानात ठेवल्या होत्या. "चाचा, जरासुद्धा गरम होऊ देऊ नका. गरम झालं की औषध मेलं," असं दोनदा बजावलं होतं. पाच दिवसांपूर्वी चालू बाटली संपली तेव्हा द्वारकाबाई भर उन्हात जाऊन नवीन घेऊन आल्या होत्या.

बाजेवरून आवाज आला. सारिका ओकत होती. बेबीनंदानं धावत जाऊन तिचं कपाळ धरलं. पोरीच्या श्वासाला वास येत होता, फार पिकून गेलेल्या फळाचा. डॉक्टरांचे शब्द आठवले: हा वास आला की घरी थांबायचं नाही.

निघण्यापूर्वी सुई द्यावी म्हणून तिनं बाटली काढून तळहातांत घोळवली आणि दाराच्या उजेडात धरली. आतलं दुधासारखं एकसारखं दिसायला हवं होतं. पण काचेला आतून बारीक कण चिकटले होते, नासलेल्या दुधासारखे. चार दिवस तिचं लक्ष सासूच्या हातांवर होतं. बाटलीकडं तिनं नीट बघितलंच नव्हतं.

"आत्या! बाटली आणली तेव्हा कशी होती?"

"कशी म्हंजे?" बाहेरून फणकारा आला. "गार. बोटं बधिर झालती माझी. आतलं हालत बी नव्हतं. घरी येस्तोवर पातळ झालं."

"गोठलं होतं?"

"मला काय म्हाईत? गार पायजे गार पायजे म्हणून तूच कालवा केलता."

बेबीनंदानं सारिकाला खांद्यावर घेतलं आणि फाट्याकडं निघाली. मागून द्वारकाबाईंच्या चपला वाजत राहिल्या.

फकरोद्दीनचाचा ग्लास विसळत होते. "काय झालं बेटी, बच्चीचं तोंड असं काय?"

"चाचा, बाटल्या कुठं ठेवल्यात?"

"एकदम बराबर जागेवर." चाचांनी हात पुसले, फ्रिज उघडला, वरच्या बर्फाच्या खान्याचं झाकण वर केलं. बर्फाच्या पेल्यांमागून पिशवी काढली. "दिवसाला चार-चार घंटे लाईट जायली. दरवाज्यात ठेवली असती तर गरमच झाली असती. म्हणून पहिल्या दिवसापासून हितं. बिलकुल गरम होऊ दिली न्हाई, कसम से."

पिशवीत दोन बाटल्या. आतलं पांढरं, घट्ट, गारेगारासारखं.

"चाचा, गोठलं की पण मरतं ते."

चाचांनी बाटलीकडं बघितलं, मग पोरीकडं. "म्हणजे मी..."

"मी सांगितलं नव्हतं तुम्हाला," बेबीनंदा म्हणाली. ते खरंच होतं. डॉक्टरांनी दोन्ही सांगितलं होतं, गरम नको आणि बर्फही नको. मे महिन्याच्या धास्तीनं तिनं अर्धंच पुढं पोचवलं होतं.

आता गावात कामाचा एक थेंब नव्हता, आणि जालना तासाभरापेक्षा लांब. एसटीला अवकाश होता. चाचा फ्रिज उघडा टाकून, टोपी नसलेल्या डोक्यानं भर रस्त्यात जाऊन हात पसरून उभे राहिले. मोसंबीचा टेम्पो करकचून थांबला. ड्रायव्हरनं शिवी हासडली.

"शिव्या नंतर दे," चाचा ओरडले. "आधी हिला जालन्याला नेऊन घाल. जल्दी!"

सारिकाला मांडीवर घेऊन बेबीनंदा पुढं बसली. द्वारकाबाई कुणी न सांगताच चढल्या, कोपरापर्यंत आंब्याचा रस वाळलेला. पोर खोल, भराभर श्वास घेत होती. बेबीनंदा ते मोजत होती, चुकत होती, पुन्हा मोजत होती. अंबड मागं पडलं तसे सारिकाचे डोळे मिटायला लागले.

"झोपू देऊ नका तिला आत्या."

"ए सारे, ऊठ!" द्वारकाबाईंनी तिचे तळपाय चोळायला घेतले. "डोळे उघड. मला चोर म्हणून राह्यली तुझी आई. साक्ष कोण देणार? रस दिलता का मी तुला?"

सारिकानं महत्प्रयासानं मान हलवली. नाही.

बेबीनंदाला बोलायचं होतं, पण तोंड उघडलं असतं तर रडू फुटलं असतं, आणि श्वासांची मोजणी राहिली असती.

दवाखान्यात सलाइन लागलं, नवं इन्सुलिन सुरू झालं. उलट्या थांबायला रात्र गेली. अंबड डेपोत कंडक्टर असलेला नवरा, मच्छिंद्र, पहाटेच्या गाडीनं आला आणि सारिकाच्या पायथ्याशी बसला. दुसऱ्या दिवशी दुपारी सारिका म्हणाली, "भूक लागली," आणि द्वारकाबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

सारिकाला दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी फकरोद्दीनचाचा आले. उंबऱ्याच्या आत आले नाहीत. बेबीनंदानं नव्या बाटल्यांची पिशवी पुढं केली तशी त्यांनी हात मागं घेतले.

"नको बेटी. दुसरीकडं ठेव. माझा भरोसा राह्यला न्हाई."

दुसरीकडं म्हणजे कुठं? फाट्यावर दुसरा फ्रिज नव्हता.

"दरवाज्यात ठेवायची चाचा. बर्फाला लागू द्यायची नाही. लाईट गेली तरी दार उघडायचं नाही, एवढंच."

चाचा नको-नको म्हणत मान हलवत राहिले. तेव्हा द्वारकाबाई उठल्या, सुनेच्या हातातली पिशवी घेतली आणि चाचांच्या हातात कोंबली.

"ती शिकलेली, तू फ्रिजवाला. दोघांनी मिळून माझी नात मारली असती. आता मी अडाणी रोज सकाळ-सांज येऊन बघत जाईन. कुठं बर्फ दिसला तर फ्रिजसकट रस्त्यावर टाकीन."

चाचांनी पिशवी छातीशी धरली, तान्हं लेकरू धरावं तशी. बेबीनंदानं पिशवीचा बंद अजून सोडला नव्हता. दोन बोटांत तो तसाच धरून ती उभी होती.

"सोड की गं," द्वारकाबाई म्हणाल्या.

तिनं सोडला. मग सासूबाईंच्या कोपराला हात लावून हळूच म्हणाली, "उद्या सकाळी मी पण येते तुमच्यासंगं."