नेहमीचा रस्ता

महिन्याने पहिल्यांदाच शिलाई मशीनवर बसलेल्या सासूने टीप मारता मारता पाय थांबवला आणि सुनेकडे बघितलं. सून मान खाली घालून बटणं लावत होती. मुलगा, हिचा नवरा, स्कूटरवरून पडून वारला त्याला महिना झाला, पण हिच्या तोंडून एक हळहळ बाहेर पडेल तर शपथ!

भेटायला येणारा प्रत्येकजण काहीतरी म्हणून जायचा. ब्रेक नीट असते तर. थोडा आधी निघाला असता तर. सासूचं एकच पालुपद होतं: नेहमीचा रस्ता सोडून तो बाजारातून आलाच नसता तर. त्या घरात दुःख असंच बोलून दाखवायची रीत होती. न बोलणाऱ्याच्या मनात काळंबेरं.

"आई, कुठंतरी पाणी मुरतंय," लेक कालच म्हणाली होती. "वहिनीनेच काहीतरी आणायला पाठवलं असणार."

सासूला ते पटलं. सकाळीच तिने सुनेला माहेरी धाडायला तिची पिशवी भरून दाराशी ठेवली होती.

"शेवटचं विचारते. बाजारात कशाला गेला होता तो?"

"जाऊ द्या ना, आई."

"जाऊ कसं देऊ? पोटचा गोळा होता माझा! आणि तू? असं झालं असतं तर, तसं झालं असतं तर, एकदा तरी म्हणालीस?"

सुनेने दाताने दोरा तोडला. "आमच्या माहेरी गेलेल्या माणसाबद्दल असं बोलत नाहीत. बोललं की ते कुणाच्या तरी माथी बसतं."

"तुझ्याच माथी बसेल, म्हणून भितेस!"

सुनेचे डोळे भरले. तिने पुढचं बटण उचललं.

सासूने रागाने पाय मारला. मशीन सुळकन चाललं. आणि तिचा पाय थबकला. मशीनचा पट्टा घसरत नव्हता. त्या दिवशी मुलगा निघताना तीच करवादली होती, "या मेल्या पट्ट्याने जीव नकोसा केलाय!" तिने वाकून चाकाला हात लावला. पट्टा नवा होता.

"हा कुणी बसवला?"

"मी."

"आणला कुणी?"

सून सुईत दोरा ओवत राहिली. तो काही केल्या ओवला जाईना.

संध्याकाळी लेक आली. दाराशी पिशवी नव्हती.

"बोलली का ती? नेहमीच्या रस्त्याने आला असता दादा, तर..."

"पुरे!" सासू ओरडली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "असं बोलू नये."

लेकीने वहिनीकडे बघितलं, मग आईकडे. आणि तिची नजर आईवरच अडकून राहिली.