गरमी कुणाची?

सूर्यमाळच्या बाजूच्या त्या पाड्यावर एप्रिल लागला की विहिरीचा तळ दिसू लागतो. एक बाई आत उतरून वाटीने हंडा भरते, बाकीच्या काठावर ताटकळतात. हौशी त्या सकाळी तिसऱ्यांदा काठावर उभी होती आणि तिला उभं राहणंच जड जात होतं. दहा दिवस खाज थांबत नव्हती. लघवीला बसलं की आग होई. अंगावरून दह्याच्या चोथ्यासारखं पांढरं जाई. घरात येणारं पाणी आधी चुलीला, मग बैलांना, मग सासऱ्याच्या आंघोळीला लागे. हौशीचे कपडे त्यानंतर, उरलं तर.

"अशी काय चालतंस गं बदकावानी?" शेजारची तुळशी म्हणाली. "भावेश येऊन गेला वाटतं!"

बायका हसल्या. हौशीही हसली. विहिरीवर हसलं नाही तर जास्त विचारतात.

भावेश येऊन गेला होता, हे खरं. तो ठाण्याला इमारतीच्या कामावर असे आणि पंधरा दिवसांनी शनिवारी येई. मागल्या खेपेला ती म्हणाली होती, "आज नको, दुखतंय." "मी काय रोज येतो?" तो म्हणाला आणि एवढं बोलणं त्याला पुरलं. दुसऱ्या दिवशी तिच्या लुगड्याला रक्ताचा डाग होता. भावेश समाधानाने ठाण्याला परतला होता.

"गरमी झाली तुला," सासू सुकरीने निदान केलं. डोंगरात गरमी म्हणजे उष्णता. तिने धण्याचं पाणी दिलं. हौशीने आपल्या अकलेने मिठाचं गरम पाणी आत मारून पाहिलं. त्याने जी आग झाली, ती सांगायला तिच्याकडे शब्द नव्हता.

बाजाराच्या दिवशी ती मोखाड्याला श्रीकृष्णाकडे गेली. श्रीकृष्ण बारा वर्षं एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होता. डॉक्टर वारले तेव्हा ज्ञान त्यांच्याबरोबर गेलं, स्टेथोस्कोप मात्र श्रीकृष्णाच्या गळ्यात राहिला. महिन्यापूर्वी त्यानेच हौशीला खोकल्यावर जोरदार कॅप्सूल दिल्या होत्या. कसल्या, ते पुडीवर लिहिलेलं नव्हतं.

"गरमी झाली," हौशी हळूच म्हणाली.

श्रीकृष्णाने मान वर केली. जुन्या माणसांच्या तोंडी गरमी म्हणजे बाहेरख्याली लोकांना होणारा रोग, एवढं त्याला ठाऊक होतं. डोंगरात त्याच शब्दाचा अर्थ वेगळा आहे, हे विचारून कळलं असतं. पण विचारायला आपल्याला काही माहीत नसावं लागतं, आणि तशी वेळ श्रीकृष्णावर कधी आली नव्हती.

"नवरा कुठे असतो तुझा?"

"ठान्याला."

"मग ही गरमी आणली कुणी?"

बाकावर बसलेली पाच गिऱ्हाइकं हसली. त्याने तिला तपासलं नाही. मागच्याच कॅप्सूल पुन्हा पुडीत बांधल्या. हौशी परतली त्याच जीपमध्ये तो शब्दही बसून आला. तिला मागे जागा मिळाली, शब्दाला पुढची.

दोन दिवसांत त्रास दुप्पट झाला. गुरुवारी कुणाला न सांगता ती दोन तास चालत उपकेंद्रात गेली. तिथल्या पुष्पा सिस्टरांनी आधी दार लावलं, मग तपासलं. लघवीतली साखर पाहिली. पाळी कधी आली ते विचारलं. मग विचारलं, "इतक्यात कसल्या गोळ्या घेतल्या होत्यास?"

हौशीने श्रीकृष्णाची पुडी पुढे केली. सिस्टरांनी कॅप्सूल उलटीसुलटी करून पाहिली.

"ही बुरशी आहे. थोडीशी बऱ्याच बायकांच्या अंगात असतेच, तिला आवरणारे चांगले जंतूही असतात. या कॅप्सूलने ते मेले आणि बुरशीला मोकळं रान मिळालं. आंबील झाकून ठेवलीस तर बाहेरून कुणी न येता आंबते ना? तसंच हे."

"मंग कोनाकडनं नाय आली?"

"नाही. लग्न न झालेल्या पोरीलाही होते. सहा दिवस झोपताना ही गोळी आत ठेवायची. आत साबण नाही, मीठ नाही. ओला कपडा अंगावर ठेवायचा नाही. आणि गोळ्या संपून दुखणं पूर्ण थांबेपर्यंत नवऱ्याने जवळ यायचं नाही. सोललेल्या जागी घासलं की आणखी सोलतं. त्याला खाज किंवा लाल पुरळ असेल तर त्यालाही पाठव. नसेल तर त्याला औषध लागत नाही."

"आनि तो ऐकला नाय तर?"

सिस्टरांनी पेनाला टोपण लावलं. "त्यावर माझ्याकडे गोळी नाही," त्या म्हणाल्या.

शनिवारी भावेश जीपमधून उतरला तेव्हा शब्द त्याची वाटच पाहत होता. ठाण्याच्या साइटवर हिंदीत गरमी म्हणजे बाईच्या अंगातली मस्ती. त्याने तो अर्थही त्यात मिसळला.

"कोनाकडं गेलतीस?" त्याने अंगणातूनच विचारलं, पाड्याला ऐकू जाईल असं. दुपारभर तो तेच विचारत राहिला. हौशीने सिस्टरांचं सगळं सांगितलं. त्याने ते ऐकलं नाही. ऊन कलल्यावर मात्र तो म्हणाला, "आत चल."

हौशीने त्याच्याकडे नीट पाहिलं. परपुरुषाचा रोग घेऊन आलीस, असं हा दुपारपासून ओरडत होता आणि आता त्याच तोंडाने आत बोलावत होता. त्याचा रोगावरही विश्वास नव्हता आणि पापावरही. फक्त हक्कावर होता.

"नाय," ती म्हणाली.

"बायको ना तू माझी?"

"आहे. दुखतंय. नाय."

दोन्ही दिवस ती सासूजवळ झोपली. सोमवारी सकाळी, ठाण्याला जाण्याआधी, भावेशने पंच बसवले. ढवळू आजा आणि आणखी दोघं म्हातारे अंगणात घोंगडीवर बसले. हौशीला माहेरी धाडायचं, हे ते जवळजवळ ठरवूनच आले होते.

"डाक्टरनं सोता सांगितलंय," भावेश म्हणाला. "भर बाजारात." बोलताना त्याचा हात सारखा जांघेकडे जात होता. शेवटी ढवळू आजाच वैतागला.

"अरं, तुला काय झालंय? धड बस की."

"गरमीनं झालंय, आजा. साइटवर ऊन लय."

"ऊन लयच आहे औंदा," दुसरा म्हणाला. तिसऱ्याने खोबरेल लावायला सांगितलं. तिघांनी माना डोलावल्या.

हौशी दाराच्या मेढीशी उभी होती. पंचांपुढे बायकांनी विचारल्याशिवाय बोलायचं नसतं. तिला कुणी विचारलं नव्हतं.

"त्याची गरमी उन्हाची," ती म्हणाली. "नि माझी कोनाची, आजा?"

ती भावेशकडे वळली.

"मी पन विचारू त्याला? ठान्यात कोनाकडं गेलतास?"

"ए!" भावेश उठला.

"बस खाली. मी विचारत नाय. खाजेवरनं ते कळतच नाय. तुझंही नाय नि माझंही नाय. सिस्टर बोलली, तुला खाजत असंल तर तू पन ये. माझ्या दोन गोल्या राहिल्यात. त्या संपून दुखनं थांबस्तवर हा माझ्याजवल येनार नाय. माहेरी धाडता? धाडा. गोली तिथंही घेन नि 'नाय' तिथंही म्हनन."

ढवळू आजाने घसा खाकरला. "असल्या गोष्टी पंचांनी ऐकायच्या नसतात," तो म्हणाला.

ऐकायलाच तर ते आले होते. बाईचं पाप ऐकायला तिघंही सकाळी सकाळी हजर होते. बाईचं दुखणं निघाल्यावर मात्र तिघांनाही लाज आली. निकाल न देताच ते घोंगडी झटकून गेले. ना चूक कबूल केली, ना शब्द मागे घेतला. भावेशने पिशवी उचलली आणि खाजवत जीपकडे निघाला. उपकेंद्र वाटेवरच होतं. तो तिथे उतरला नाही, हे जीपवाल्याने नंतर सांगितलं. औषधाने बरं व्हायचं तर आधी दुखतंय म्हणावं लागतं, आणि ते त्याला बायकी वाटलं असावं.

अंगण रिकामं झालं. सुकरी इतका वेळ चुलीपुढे पाठ करून बसली होती. ती आता सुनेला शिव्या घालणार, असं हौशीला वाटलं.

"ती सिस्टर," सुकरी निखाऱ्याकडे बघत म्हणाली, "म्हाताऱ्या बायांना बघते का?"

हौशी तिच्याजवळ खाली बसली. "किती दिस झाले, आये?"

"दिस?" सुकरी हसली, पण ते हसण्यासारखं वाटलं नाही. "भावेश पोटात होता तवापासून अंगावरून जातंय अधनंमधनं. तुझा सासरा म्हने, तुझी नाटकं."

"तुला तीच गोली लागंल असं नाय. आधी तपासावं लागंल," हौशी म्हणाली. "उद्या जाऊ आपन."

सुकरीने चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं, त्यावर राख टाकली आणि उठून पदर खोचला.

"उद्या कशाला?" ती म्हणाली. "अजून ऊन चढलं नाय."