नुसता गूळ

बुडालेला एक खलाशी आला की विश्वंभर केरकरांची ओसरी हातभर लांब होई. पहिला आला तो सकाळी नवाच्या सुमारास. अंगातून समुद्र गळत होता. नमस्कार करून तो अदबीने टेकला. केरकरांनी पंचा दिला आणि त्यांची बायको यशोदा गूळ-पाणी घेऊन आली.

"पाणी नको गो वयनी," तो म्हणाला. "पाणी पुरे झालं."

त्यानंतरच्या प्रत्येकाने गूळ तेवढा घेतला. तांब्या भरलेलाच आत जाई.

केरकर गोव्यातल्या एका लहानशा बंदरात कारकून होते. युद्ध पेटलेलं होतं, आणि लिस्बनमधून राज्य हाकणाऱ्या हुकूमशहाने आपण कुणाच्याच बाजूचे नाही असं जाहीर केलं होतं. म्हणजे काय, तर एक जर्मन बोट तीन वर्षं बंदरात नांगर टाकून आरामात बसली होती आणि बंदराचे कप्तान दर रविवारी तिच्यावर बिअर प्यायला जात. बोटीच्या डोलकाठीला संदेश धाडायची एक तार होती. ती गुणगुणली की दोन दिवसांनी बाहेर जर्मन पाणबुडी इंग्रजांची एखादी बोट बुडवी. बुडणारे मात्र रत्नागिरीचे, मालवणचे, वेंगुर्ल्याचे. बंदरातल्या मांजरालाही हे ठाऊक होतं.

खिडकीतून दिसेल ते केरकरांनी रोज वहीत लिहायचं. वहीची नक्कल त्याच दिवशी मुंबईला जाई आणि ती वाचून बोटी आपली वाट ठरवत. केरकर लिहीत, 'बंदरात विशेष काही नाही.' आधीच्या कारकुनाने एकदा 'तार' असं लिहिलं होतं. तो आता आफ्रिकेतल्या तुरुंगात होता.

चाळीस जण झाले तेव्हा ओसरी शेजाऱ्यांच्या माडांमधून बंदराच्या रस्त्याला लागली. कचेरीत जाताना केरकरांना सगळ्यांच्या समोरून जावं लागे. कुणी एका शब्दाने बोलत नसे. उलट ओले पाय आखडून घेत, वाट देत. त्याने केरकरांना मेल्याहून मेल्यासारखं होई. लाज वाटे, आणि लाज वाटूनही हात तेच लिहीत असे.

मंगळवारी नरसूचं पत्र आलं. नरसू त्यांचा धाकटा भाऊ, इंग्रजांच्या बोटीवर भट्टीत कोळसा घालायला होता. 'दादा, गुरुवारी आमची बोट तुमच्या बंदरावरून जाईल. वयनीला सांग, मी हात करीन.'

त्याच दुपारी तार गुणगुणायला लागली.

बुधवारी केरकर घरून निघाले ते मनाशी ठरवूनच. चालता चालता ऊन डोक्यावर आलं. ओसरी संपली ती थेट कचेरीतल्या त्यांच्या टेबलाशी. त्यांनी वही उघडली, टाक बुडवला. कप्तानांनी मागून येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"काय दिसतं, केरकर?"

बोट समोर होती. तार ऐकू येत होती. चाळीस जण टाकाच्या टोकाकडे बघत होते.

"विशेष काही नाही, साहेब," केरकर म्हणाले, आणि वळणदार अक्षरात तसं लिहिलं.

शाई वाळली. ओसरीवरचे सगळे थोडे थोडे सरकले आणि मध्ये एका माणसापुरती जागा झाली. यशोदा एवढ्या लांब गुळाची ताटली घेऊन चालत आली होती. तिने त्या जागेवर एक खडा ठेवला.

"अगं, पाणी?" केरकर म्हणाले. "नरसूला आधी पाणी लागतं."

तांब्या तिने आणलाच नव्हता.